ऑपरेशननंतर पुन्हा भरती? आधी हे वाचा

"पॅकेज ठरलं होतं, मग बिल वाढलं कसं?" नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या आरोग्य विमा क्लेम-मदत कार्यालयात हे रोज विचारलं जातं. सगळं सुरळीत होईल असं धरूनच पॅकेज, म्हणजे ऑपरेशनचा दवाखान्याने आधी सांगितलेला ठोक खर्च, ठरतं. टाक्यांत पू झाला किंवा पित्ताशय काढल्यावर पित्त गळू लागलं, की आयसीयू, रक्त, दुसरं ऑपरेशन यांचे पैसे सहसा वेगळे लागतात. पॅकेजमध्ये काय धरलेलं नाही, ते ऑपरेशनआधीच विचारून घ्या.

मोठं नुकसान होतं ते पुढे. घरी आल्यावर आठव्या दिवशी ताप चढतो, माणसं धावत पुन्हा भरती करतात आणि समजतात की पहिला क्लेम चालूच आहे. तो डिस्चार्जला संपलेला असतो. शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांत तोच आजार उलटला तर बहुतेक पॉलिसींत तो एकच आजार धरतात, त्यामुळे त्या आजाराची ठरलेली मर्यादाही एकदाच मिळते. पण दुसऱ्या भरतीची सूचना विमा कंपनीला नव्याने द्यावीच लागते, अचानक भरती असेल तर साधारण २४ तासांत. कॅशलेसची, म्हणजे कंपनीने दवाखान्याला थेट पैसे देण्याची, मंजुरीही नवीन लागते. खोली पॉलिसीत बसेल अशीच घ्या. भाडं मर्यादेबाहेर गेलं की डॉक्टरांची फीसुद्धा त्या प्रमाणात कापतात.

घरी लागणारी औषधं आणि ड्रेसिंगचा खर्च बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंत मिळतो, पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल दोन्ही हवं. मे महिन्यात गोंदियाच्या एक ताई बिलांची पिशवी घेऊन आल्या. स्कूटरच्या डिक्कीत राहून मेडिकलची गुळगुळीत बिलं काळी पडली होती, एकावरचीही रक्कम वाचता येईना. बिल मिळालं की लगेच फोटो काढा, मूळ कागद घरात सावलीत ठेवा.

आम्ही फार कागद मागतो, अशी तक्रार असते. मागतो खरे, कारण एका त्रुटीसाठी फाइल परत आली की तुमचे पैसे अडकतात. तारीख मागेपुढे करून द्या म्हणाल तर ते आम्ही करत नाही. अशाने पूर्ण क्लेम बुडतो. फाइल बघण्याचे पैसे घेत नाही.

दुसऱ्या डिस्चार्ज कार्डावर आधीच्या ऑपरेशनची तारीख आणि पुन्हा भरतीचं कारण असलंच पाहिजे. कार्ड हातात पडलं की दवाखान्यातूनच आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. काही राहिलं असेल तर डॉक्टर तिथेच असतात. गावी पोचल्यावर त्यासाठी पुन्हा नागपूरची फेरी पडते.