शाळेतील साथ आणि तिचे नियंत्रण

एखाद्या शाळेत नेहमीच्या मानाने जास्त मुले एकाच सुमारास एकाच संसर्गजन्य आजाराने आजारी पडू लागली, म्हणजे तेथे साथ आली असे मानतात. गोवरासारख्या आजारात मात्र संख्या वाढण्याची वाट पाहत नाहीत. एक संशयित रुग्ण आढळला तरी आरोग्य विभागाला कळवावे लागते. महाराष्ट्रातील शाळांत कांजिण्या, गालगुंड, गोवर, इन्फ्लुएन्झा, डोळे येणे, अतिसार आणि दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ यांच्या साथी येतात. मुले बाकावर खेटून बसतात, डबा वाटून खातात, एकाच पिंपाला एकच पेला लावतात आणि संध्याकाळी घरी जाऊन धाकट्या भावंडांना जवळ घेतात. त्यामुळे शाळेतली साथ गावात पसरायला वेळ लागत नाही.

साथीची पहिली खूण बहुधा हजेरीपटावर दिसते. एकाच तुकडीतली पाच-सहा मुले लागोपाठ गैरहजर राहिली, तर वर्गशिक्षकाने घरी चौकशी करून कारण विचारावे आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घालावे. त्यानंतर आजारी मुलांची यादी करतात. तीत नाव, इयत्ता व तुकडी, बसण्याची जागा, वस्ती, लसीकरण आणि पहिले लक्षण दिसल्याची तारीख हे रकाने असतात. यांतला शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा असतो. जुलाब-उलट्यांची बहुतेक मुले एक-दोन दिवसांतच आजारी पडलेली असतील, तर त्या आधीच्या एखाद्या जेवणावर किंवा पाण्यावर संशय जातो. कांजिण्यांचे रुग्ण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने वाढत असतील, तर लागण मुलाकडून मुलाला होत आहे हे कळते. हेपॅटायटिस ए प्रकारच्या काविळीत संसर्गानंतर लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस, सरासरीने चार आठवडे लागतात. म्हणून आज डोळे पिवळे झालेल्या मुलांनी महिन्यापूर्वी कोठले पाणी प्यायले होते, हे शोधावे लागते; आजच्या पाण्याचा नमुना स्वच्छ निघाला, एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही.

मुख्याध्यापक ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाला खबर देतात. देशात २००४ पासून राबवल्या जाणाऱ्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून ती जिल्ह्याच्या शीघ्र प्रतिसाद पथकापर्यंत पोचते. शाळेची बदनामी होईल या भीतीने खबर दडवण्याकडे कल असतो. तसे करणे मुलांवर अन्याय करणारे आहे, कारण लवकर कळले तरच काही उपाय लागू पडतात. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलेल्या, लस न घेतलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. नंतर ती संधी राहत नाही.

आजारी मुलाला किती दिवस घरी ठेवायचे, हे आजारागणिक ठरते. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस आणि कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळेत पाठवत नाहीत. अडचण अशी की, गोवराची लागण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून आणि कांजिण्यांची एक-दोन दिवस आधीपासून होऊ शकते. म्हणजे मूल आजारी आहे हे समजेपर्यंत त्याच्या शेजारचा संसर्ग घेऊन बसलेला असतो. यामुळेच पुढच्या दिवसांत संपर्कातल्या मुलांवर लक्ष ठेवणे पहिल्या रुग्णाला घरी पाठवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पूर्ण हजेरीबद्दल बक्षीस देण्याची प्रथा या दिवसांत स्थगित ठेवावी, नाहीतर ताप अंगावर काढून मुले वर्गात येतात. कांजिण्यांत ताप उतरवण्यासाठी मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, ही सूचनाही पालकांना आवर्जून द्यावी लागते.

पाण्यातून पसरणाऱ्या आजारांत टाकी उपसून, घासून धुतात आणि टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) वापरून पाण्याचे शुद्धीकरण करतात. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते. ती आधी थोड्या पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओततात आणि निदान अर्धा ते एक तास पाणी वापरत नाहीत. मग ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतात: नळीतल्या पाण्यात या द्रावणाचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, पाणी जसेच्या तसे राहिले, तर नाही. ही तपासणी टाकीपाशी न करता मुले ज्या नळाला तोंड लावतात तेथे करावी.

शाळा बंद करावी का, हा प्रश्न दर साथीत निघतो. २००९ च्या जून-जुलैमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत स्वाइन फ्लू झपाट्याने पसरला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्या साथीचा अभ्यास केला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला या आजाराचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात एका शाळकरी मुलीचा झाला आणि त्यानंतर पुण्यातल्या शाळा काही दिवस बंद ठेवण्यात आल्या. नवा, गंभीर आणि झपाट्याने पसरणारा आजार असेल तर बंदीने वेळ मिळतो. कांजिण्या किंवा डोळे येणे यांत तिचा लाभ थोडा असतो, कारण मुले शिकवणीत आणि मैदानावर भेटतच राहतात, आणि ज्यांचे दुपारचे जेवण शाळेतल्या पोषण आहारावर अवलंबून असते त्यांची उपासमार होते.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांत परिस्थिती वेगळी असते. तेथे आजारी मुलांना घाईने घरी धाडले, तर आजार दूरच्या पाड्यांवर पोचतो आणि उपचारात खंड पडतो. म्हणून स्वतंत्र खोली, वेगळी भांडी व अंथरूण, तापाची रोजची नोंद आणि रात्री हाक मारल्यावर येईल असे माणूस यांची सोय तेथेच करावी लागते.

शेवटच्या रुग्णानंतर त्या आजाराच्या कमाल सुप्तकाळाच्या (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाच्या) दुप्पट काळ नवा रुग्ण आढळला नाही, म्हणजे सामान्यतः साथ संपली असे समजतात. कांजिण्यांचा कमाल सुप्तकाळ २१ दिवसांचा असल्याने हा काळ ४२ दिवसांचा होतो, आणि तोवर आजारी मुलांची यादी रोज तपासली जाते.