पार्श्वभूमी : बेल एअरचा दिवाणखाना

११ जून २०२५ रोजी ‘बीच बॉइज’ या अमेरिकन बँडचा म्होरक्या ब्रायन विल्सन गेला, तेव्हा बहुतेक मृत्युलेख १९६६ सालचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम आणि ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे गाणं यांच्यापाशीच रेंगाळले. पुढची पाच वर्षं ‘उतरती कळा’ म्हणून दोन ओळींत उरकायची रीतच पडून गेली आहे. त्या पाच वर्षांत बीच बॉइजची बरीचशी गाणी लॉस एंजेलिसच्या बेल एअर या श्रीमंत वस्तीत, ब्रायनच्या राहत्या घरात ध्वनिमुद्रित होत होती. त्या घरगुती स्टुडिओची ही गोष्ट.

तसं पाहिलं तर हा बँड घरातच जन्मला. हॉथॉर्न या साध्या उपनगरात विल्सन कुटुंबाचं छोटं घर होतं. वडिलांनी, मरी विल्सन यांनी, गॅरेजची संगीताची खोली केली होती. सोळाव्या वाढदिवसाला ब्रायनला टेप रेकॉर्डर मिळाला आणि तो त्यावर आवाजावर आवाज चढवत बसू लागला. डेनिस आणि कार्ल हे धाकटे भाऊ, माइक लव्ह हा आतेभाऊ आणि अल जार्डिन हा मित्र, एवढा हा गोतावळा. १९६१ मध्ये आईवडील मेक्सिकोला गेले असताना पोरांनी खाण्यापिण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून वाद्यं भाड्याने आणली, असं सांगतात. पहिलं गाणं त्याच खटपटीतून आलं.

मग यश आलं आणि गाणं घराबाहेर पडलं. डिसेंबर १९६४ मध्ये विमानात ब्रायनला घबराटीचा झटका आला आणि त्याने दौरे सोडले. बाकीचे गावोगाव कार्यक्रम करत फिरायचे, तो हॉलिवूडच्या वेस्टर्न किंवा गोल्ड स्टार स्टुडिओत भाड्याचे पट्टीचे वादक घेऊन तुकडे तुकडे ध्वनिमुद्रित करायचा. दौऱ्यावरून परतलेल्यांनी फक्त गळा चढवायचा. एकट्या ‘गुड व्हायब्रेशन्स’साठी चार स्टुडिओ आणि सात महिने लागले. खर्चाचे अंदाज पन्नास ते पंचाहत्तर हजार डॉलरचे, तेही १९६६ सालचे. ‘स्माइल’ हा पुढचा अल्बम याच पद्धतीने सुरू झाला आणि याच पद्धतीखाली चिरडला गेला. टेपांचे ढीग साचले, कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीशी मानधनावरून कोर्टकचेरी सुरू झाली, ब्रायनचं मन थाऱ्यावर राहीना. मे १९६७ मध्ये काम गुंडाळल्याचं जाहीर झालं.

त्याच वसंतात ब्रायन आणि त्याची बायको मॅरिलिन बेलाजिओ रोडवरच्या नव्या घरात राहायला आले होते. हॉलिवूडच्या स्टुडिओत जायची त्याची इच्छाच मेली होती. तेव्हा स्टुडिओच त्याच्या घरी आणायचं ठरलं. जूनच्या सुरुवातीला जिम लॉकर्ट या साउंड इंजिनिअरच्या हाताखाली काम चालू झालं. घाई इतकी की भिंतींना ध्वनिरोधक अस्तर वगैरे लावायला सवडच नव्हती. यंत्रसामग्री मिळेल तशी आणली. मिक्सिंगचा कन्सोल (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवायचं यंत्र) होता गेट्स कंपनीचा, मुळात रेडिओ केंद्रासाठी बनवलेला. चकचकीत अल्बमासाठी असलं यंत्र कुणी घेतलं नसतं.

आणि नेमकं यातूनच ‘स्माइल’ऐवजी आलेल्या ‘स्मायली स्माइल’ या अल्बमाचा आवाज घडला. वाद्यवृंद गेला. त्याच्या जागी एक बॉल्डविन ऑर्गन आणि मुद्दाम किंचित बेसूर लावलेला पियानो आला. ढोल-ताशांचा थाट तर जवळजवळ नाहीच. मोठ्या स्टुडिओत तेव्हा प्रतिध्वनीसाठी वेगळी खोली असायची. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक, आणि मधल्या उघड्या भिंतींवर आपटून परतलेला आवाज टेपवर. इथे अशी खोली नव्हती, पण अंगणात पोहण्याचा तलाव होता. पाणी उपसून टाकल्यावर त्या फरशीच्या खड्ड्यात आवाज हवा तसा घुमायला लागला. गाताना मध्येच फुटलेलं हसूही अल्बमात तसंच राहिलं. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे, त्यामुळे तो नेहमी मोनोमध्येच, म्हणजे डावा-उजवा असा भेद न ठेवता, मिक्स करत आला. हा अल्बमही तसाच. हेडफोन लावून ऐकलं तर चारपाच माणसं एकाच खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसली आहेत असं वाटतं. मला तरी हा अल्बम त्यासाठीच आवडतो.

जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांत, काम आटोपलं. सप्टेंबरमध्ये अल्बम आला आणि अमेरिकेतल्या खपाच्या यादीत ४१ व्या क्रमांकापर्यंतच चढला. लोकांनी ‘स्माइल’ची वाट पाहिली होती, हातात पडलं हे कुजबुजतं प्रकरण. पण त्यावरची एक ओळ मला विक्रीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. निर्माता म्हणून ब्रायनच्या नावाऐवजी ‘द बीच बॉइज’ असं छापलं होतं. भाड्याचे वादक घरी येईनासे झाले, तशी बाकीच्यांना पुन्हा वाद्यं हातात घ्यावी लागली. ब्रायनला सांभाळून घेण्यासाठी मांडलेल्या स्टुडिओने त्याच्या भावांना कामाला लावलं. वर्षाअखेरच्या ‘वाइल्ड हनी’मध्ये वीस-एकवीस वर्षांचा कार्ल पुढे आला. त्या अल्बमाच्या मुखपृष्ठावर दिसते ती रंगीत काचेची खिडकी याच घरातली.

पुढच्या वर्षीच्या ‘फ्रेंड्स’ या अल्बमावर भारताची सावली आहे. १९६७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये मंडळींची महर्षी महेश योगींशी गाठ पडली, माइक लव्ह ऋषिकेशला जाऊन आला, आणि अल्बमातल्या एका गाण्यात तर भावातीत ध्यानच आलं. मे १९६८ मध्ये महर्षींनाच सोबत घेऊन काढलेला दौरा मात्र साफ कोसळला. अर्ध्यातच आवरावा लागला. ध्यानाचं प्रवचन ऐकायला तिकीट कोण काढणार!

यानंतर स्टीफन डेस्पर या इंजिनिअरने स्टुडिओला खरं रूप दिलं. उसनवारीची यंत्रं जाऊन पक्की व्यवस्था आली. १९७० चा ‘सनफ्लॉवर’ (याचं काम बाहेरच्या स्टुडिओंतही झालं) आणि १९७१ चा ‘सर्फ्स अप’ ऐकताना ते लख्ख कळतं. तलावातल्या घुमाऱ्यापासून हा आवाज फार दूर आला होता. पण खाली स्टुडिओ सजत असताना घराचा मालक ब्रायन वरच्या मजल्यावर अंथरुणात जास्त वेळ काढू लागला होता. खालचं गाणं वर ऐकू जायचं. मनात आलं तर झोपेच्याच कपड्यांत खाली यायचा, एखादी सूचना करायचा, आवाज द्यायचा, आणि परत वर. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तोच आता त्यात अधूनमधून येणारा पाहुणा झाला. ‘सनफ्लॉवर’ अमेरिकेत १५१ व्या क्रमांकावर अडकला, याचं दुःख त्याने किती केलं असेल देव जाणे.

मॅरिलिनचं काय झालं असेल, याचा विचार लिहिणारे फारसा करत नाहीत. एप्रिल १९६८ मध्ये कार्नी जन्मली, ऑक्टोबर १९६९ मध्ये वेंडी. पाळण्यातली पोर, रात्री-अपरात्री येणारे दीर, तंत्रज्ञ, त्यांचे मित्र, आणि दिवाणखान्यातून पसरलेल्या तारा. १९७२ मध्ये स्टुडिओ तिथून हलला. त्याच वर्षी बँडने नेदरलँड्समधल्या बामब्रुखे या खेड्यात मुक्काम टाकला आणि लॉस एंजेलिसमध्ये खास बांधून घेतलेला कन्सोल सुटे भाग करून तिकडे मागवला. ब्रायनला तिथवर न्यायला घरच्यांना बऱ्याच मिनतवाऱ्या कराव्या लागल्या.