लॉरेल स्ट्रीटच्या दोन बाजू

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो शहरात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं एक जुनं, मोठं विद्यापीठ आहे: नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी. त्याच्या आवारातून लॉरेल स्ट्रीट नावाचा रस्ता जातो. 2016 आणि 2018 च्या निवडणुकांत या रस्त्याच्या एका बाजूला राहणारा विद्यार्थी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सहाव्या मतदारसंघात होता आणि समोरच्या बाजूचा तेराव्यात. वर्ग एक, खाणावळ एक, खासदार वेगळे. दोन्हीकडे निवडून आले ते रिपब्लिकन उमेदवारच. बहुतांशी डेमोक्रॅट असलेल्या या आवाराची मतं दोन ठिकाणी वाटली गेली आणि विरून गेली.

आपल्याकडे लोकसभेच्या मतदारसंघांच्या हद्दी परिसीमन आयोग ठरवतो. अमेरिकेत दर 10 वर्षांनी जनगणना झाली की बहुतेक राज्यांत नवा नकाशा विधिमंडळ आखतं, म्हणजे तिथे ज्या पक्षाचं बहुमत असेल तो. नॉर्थ कॅरोलायनात तर गव्हर्नरला या नकाशावर नकाराधिकारही नाही. महापालिकेच्या प्रभाग रचनेवरून पेटलेले वाद ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हद्द चार गल्ल्या सरकली की काय होतं हे वेगळं सांगायला नको.

तरीही आकडे मांडून पाहू. एका आळीत 15 घरं आहेत. 9 घरं आंबा पक्षाची, 6 पेरू पक्षाची. पाच-पाच घरांचे तीन वॉर्ड करायचे. प्रत्येक वॉर्डात 3 आंबा, 2 पेरू ठेवले तर तिन्ही जागा आंब्याला. आता एका वॉर्डात आंब्याची 5 घरं कोंबा. उरलेल्या दोन वॉर्डांत प्रत्येकी 3 पेरू, 2 आंबा. 15 पैकी फक्त 6 मतं, पण तीनपैकी 2 जागा पेरूला. एकाही माणसाने मत बदललेलं नाही. विरोधकांना एका ठिकाणी कोंबणं आणि उरलेल्यांना फोडून विखुरणं, एवढ्या दोनच युक्त्यांवर हे सगळं चालतं.

2012 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक उमेदवारांना मिळून रिपब्लिकनांपेक्षा किंचित जास्त मतं पडली. जागा मिळाल्या 13 पैकी 4. न्यायालयाने त्या नकाशातले दोन मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखल्याचं ठरवल्यावर 2016 मध्ये नवा नकाशा आला. तो मांडणारे आमदार डेव्हिड लुईस यांनी समितीत उघडच सांगितलं की नकाशा 10 रिपब्लिकन आणि 3 डेमोक्रॅट असा आखावा, कारण 11-2 असा नकाशा शक्य आहे असं त्यांना वाटत नाही. निकाल 10-3 असाच लागला.

इथे विज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. नकाशा पक्षपाती आहे हे सिद्ध कसं करायचं? आकार पाहून? 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखा दिसला, त्यावरून या प्रकाराला 'गेरीमँडरिंग' नाव पडलं. पण सुबक, चौकोनी मतदारसंघही तितकेच अन्यायकारक असू शकतात. मग मतांच्या प्रमाणात जागा मिळाल्या का, हे पाहायचं? तेही फसवं आहे. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे एक तृतीयांश मतं रिपब्लिकन असूनही 9 पैकी एकही जागा त्यांना मिळत नाही. हे मतदार राज्यभर इतके सारखे पसरलेले आहेत की काही निवडणुकांची मतं घेतली तर त्यांना बहुमत मिळेल असा एकही मतदारसंघ आखता येत नाही, हे गणितज्ञ मून डचिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. माणसं कुठे राहतात याचाही निकालावर असा परिणाम होतो.

ड्यूक विद्यापीठातले गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली याच राज्यात, शार्लट शहरात वाढले. पदवीच्या एका विद्यार्थिनीबरोबर त्यांनी हा प्रश्न हातात घेतला आणि तो जरा फिरवून विचारला: कुणाचाही फायदा मनात न धरता नकाशा आखला असता, तर साधारण काय निकाल लागला असता?

पत्ते पिसण्यासारखीच ही रीत आहे. राज्यात मतदानाचे अडीच हजारांहून अधिक छोटे विभाग आहेत. संगणक एका नकाशापासून सुरुवात करतो आणि हद्दीवरचा एखादा विभाग उचलून शेजारच्या मतदारसंघात टाकतो. मग नियम तपासतो: लोकसंख्या जवळपास समान आहे ना, मतदारसंघ सलग आहे ना, फार वेडावाकडा झाला नाही ना, काउंट्या (तिथले जिल्हे) विनाकारण तुटल्या नाहीत ना. नियमात बसलं तर बदल ठेवायचा, नाहीतर बहुतेक वेळा सोडून द्यायचा. असं लाखो वेळा. गणितात याला मार्कोव्ह साखळी म्हणतात. पुरेसं पिसून झालं की पहिल्या नकाशाची ओळख पुसली जाते आणि हाती येतात हजारो निःपक्ष नकाशे. त्या प्रत्येकावर लोकांनी खरोखर दिलेली मतं ठेवायची आणि जागा मोजायच्या.

मॅटिंगली यांच्या 24,000 हून अधिक नकाशांपैकी 10-3 देणारे नकाशे 1 टक्क्याहून कमी निघाले. राज्यशास्त्रज्ञ जोवेई चेन यांनी वेगळ्या रीतीने 3,000 नकाशे तयार केले. त्यातल्या प्रत्येक नकाशात डेमोक्रॅट्सना किमान एक जागा जास्त मिळत होती. मला ही पद्धत मोलाची वाटते, कारण ती आदर्श नकाशा कोणता हे सांगायला जात नाही. समोरचा नकाशा सहज घडलेला नाही, एवढंच ती दाखवते, आणि लोकवस्तीची ठेवणही हिशेबात धरते.

हा पुरावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 27 जून 2019 रोजी 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल लागला: पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा करणं हे संघीय न्यायालयांचं काम नाही. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी या 3,000 नकाशांचा हिशेब मांडला. बहुमतावर त्याचा परिणाम झाला नाही, हे मला आजही खटकतं.

मग लढाई राज्याच्या न्यायालयांत गेली आणि नकाशे बदलत राहिले. 2020 मध्ये निकाल 8-5. जनगणनेनंतर एक जागा वाढली आणि 2022 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या नकाशावर 7-7. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातलं बहुमत निवडणुकीत बदललं आणि एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने पक्षपाती नकाशे रोखणारा आपलाच आधीचा निर्णय फिरवला. विधिमंडळाने पुन्हा नकाशा आखला. 2024 मध्ये 10-4. गंमत नाही, गांभीर्याने पाहा: त्याच दिवशी याच मतदारांनी डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना मोठ्या फरकाने गव्हर्नर केलं. गव्हर्नरच्या निवडणुकीत सगळं राज्य हाच एक मतदारसंघ असतो, तिथे आखायला रेषाच नसते.

ऑक्टोबर 2025 मध्ये, जनगणना नसतानाही, आणखी एक नकाशा मंजूर झाला. ईशान्येकडच्या पहिल्या मतदारसंघातून 1992 पासून कृष्णवर्णीय प्रतिनिधीच निवडून येत आलेत. त्याच्या काही काउंट्या शेजारच्या तिसऱ्या मतदारसंघाशी अदलाबदल करून घेतल्या गेल्या. 2026 च्या निवडणुकीसाठी ठेवलेलं लक्ष्य आहे 11-3. लॉरेल स्ट्रीटच्या दोन बाजू 2019 च्या नकाशात पुन्हा एकत्र आल्या होत्या. या वेळी रेष दुसरीकडे, किनाऱ्याजवळच्या काउंट्यांमधून गेली आहे.