पीस लिलीनं मान टाकली की पाणीच हवं?

‘पीस लिलीनं मान टाकली की लगेच पाणी घाला,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. तहानलेलं झाड मान टाकतंच. पण पाणी जास्त झालं तरी ते तसंच दिसतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक. सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग पाणी ओढू शकत नाहीत. वर आणखी पाणी ओतलं की कूज वाढतेच.

आधी मातीत बोट खुपसा. कोरडी लागली, कुंडीही हलकी वाटली, तर भरपूर पाणी द्या. बहुधा काही तासांत पानं उभी राहतात. माती ओलीच असेल तर झाड अलगद उपसून पाहा. पांढरट, टणक मुळं ठेवा. तपकिरी, लिबलिबीत, कुबट वासाची कापून टाका आणि झाड तळाला भोक असलेल्या कुंडीत नव्या मातीत लावा.