केफिरचे दाणे आणि घरचे दूध

दही लावण्याची रीत मराठी घरात कुणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. दूध तापवायचे, कोमट होऊ द्यायचे, कालच्या दह्यातले चमचाभर विरजण त्यात कालवायचे आणि भांडे झाकून ठेवायचे. दही लावणारे जिवाणू दह्यातच असतात, म्हणून कालचे दही आजच्या दुधाला पुरते. केफिर हेही दूध आंबवून केलेले, जिभेला बारीक चुणचुणणारे पेय, पण त्याचे तसे नाही. तयार केफिरचा एक चमचा दुसऱ्या दुधात घातला तर ते दूध आंबते, पहिल्या एक-दोन वेळा चवही बरीच जुळते. पण पुढे ती उतरत जाते आणि ज्या दाण्यांपासून केफिर होते ते दाणे त्यातून तयार होत नाहीत. केफिरचे विरजण दुधापासून वेगळे, डोळ्यांना दिसणारे आणि हातात घेता येणारे असते. हा फरक नीट समजला की घरी केफिर करण्याचे जवळजवळ सगळे नियम उलगडतात, म्हणून आधी दाण्याकडेच पाहायला हवे.

केफिरचा दाणा फ्लॉवरच्या बारीक तुऱ्यासारखा दिसतो: पांढरट, किंचित पिवळसर, वळ्यावळ्यांचा. बोटांनी दाबला तर तो फुटत नाही, पुन्हा पूर्ववत होतो, आणि हाताला बुळबुळीत लागतो. आकार काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत असतो. ‘तिबेटी मशरूम’ या नावाने तो अनेक देशांत ओळखला जात असला तरी त्याचा अळंबीशी काही संबंध नाही. त्यात बहुतांश पाणी असते आणि उरलेला भाग प्रथिने व केफिरान नावाची बहुशर्करा (साखरेच्या अनेक रेणूंची साखळी) यांचा असतो. या चिवट जाळ्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, ॲसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि निरनिराळी यीस्ट एकत्र राहतात.

हे जाळे नेमके कोण विणते, याचा उलगडा व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. १८८१ मध्ये एडुआर्ड केर्न यांनी कॉकेशसमधील (काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधल्या डोंगराळ प्रदेशातील) या दाण्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली केलेले वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यात दिसलेल्या जिवाणूला ‘डिस्पोरा कॉकेशिका’ असे नाव दिले. १९६७ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी केफिरान ही बहुशर्करा ओळखली, पण ती बनवणारा जिवाणू म्हणून त्यांनी भलत्याच जातीचे नाव घेतले होते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी केफिरान तयार करणाऱ्या जिवाणूचे ‘लॅक्टोबॅसिलस केफिरानोफेशियन्स’ या नव्या नावाने वर्णन केले. दाण्यातला तो सहसा सर्वांत मोठा रहिवासी असतो.

तरीही एक कोडे शिल्लक होते. दाण्यात बहुसंख्येने असलेले काही जिवाणू एकटे दुधात सोडले तर नीट वाढत नाहीत. मग रोज दुधातच राहणाऱ्या दाण्यात ते टिकतात कसे? २०२१ मध्ये ‘नेचर मायक्रोबायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे उत्तर दिले, आणि केफिरवर झालेल्या कामात मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. दूध आंबत असताना दाण्याचे वजन वाढते, पण दाण्यातील जातींचे परस्परप्रमाण बदलत नाही. दुधात मात्र जाती एकामागून एक वाढतात. आधी आलेल्या जाती दुधातून अमिनो आम्ले मोकळी करतात, लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे क्षाररूप) तयार करतात आणि त्यावर नंतरच्या जाती पोसल्या जातात. म्हणजे दाण्यातली वस्ती आणि दुधातली वस्ती यांची घडण एकसारखी नसते. तयार केफिरमधून चमचाभर उचलला तर आपण फक्त दुधातली वस्ती उचलतो. ज्या जाती दाण्याच्या आधाराने टिकतात त्या त्या चमच्यात पुरेशा येत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या केफिरच्या भुकटीचेही तेच आहे. निवडक जिवाणू व यीस्ट वाळवून केलेली ही भुकटी काही वेळा उपयोगी पडते, पण तिच्यातून दाणे होत नाहीत.

म्हणूनच दाणे पिढ्यानपिढ्या हातोहात जात राहिले. उत्तर कॉकेशसमधील कराचाय, बाल्कार आणि ओसेशियन लोकांकडे ते परंपरेने आले. कातडी पिशवीत दूध आणि दाणे घालून ती पिशवी दाराजवळ टांगायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला हलवायचे, अशी तिथली रीत सांगितली जाते. हलवण्यामुळे दाण्याभोवतीचे आंबलेले दूध बाजूला सरते आणि नवे दूध दाण्याला भिडते, त्यामुळे या रीतीला शास्त्रीय अर्थही आहे. पण केफिरचा माग कॉकेशसच्या पलीकडेही जातो. चीनमधील शिनजियांग प्रांतातील शियाओहे येथील सुमारे ३,३०० ते ३,६०० वर्षांपूर्वीच्या दफनांत, मृतदेहांच्या डोक्यामानेपाशी, पांढरा पदार्थ सापडला होता. चाओमेई फू यांच्या गटाने २०२४ मध्ये त्यातील डीएनए वाचला. ते केफिरपासून केलेले चीज होते, गाईच्या आणि शेळीच्या दुधाचे, आणि त्यात लॅक्टोबॅसिलस केफिरानोफेशियन्स होता. त्याची जवळीक आजच्या रशियातील वाणांपेक्षा तिबेटकडील वाणांशी अधिक निघाली.

आता बरणीत काय होते ते पाहू. दुधात साधारण पावणेपाच टक्के दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, असते. जिवाणू तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल बनवतात. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ६.६ असतो; तो ४.६ च्या आसपास उतरला की केसिन हे प्रथिन दुधात विखुरलेल्या अवस्थेत राहू शकत नाही आणि दूध दाट होते. इथपर्यंत दही आणि केफिर बरोबर चालतात. पुढे यीस्टचे काम सुरू होते. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानससारखी यीस्ट दुग्धशर्करा स्वतः फोडू शकतात. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, म्हणजे पावातले यीस्ट, ती फोडू शकत नाही आणि इतरांनी मोकळ्या केलेल्या साखरेवर जगते. दोघेही कार्बन डायऑक्साइड आणि थोडे अल्कोहोल तयार करतात. ल्युकोनोस्टॉक गटातील जिवाणूंमुळे लोण्याची आठवण करून देणारा वास येतो. जिभेला जाणवणारी बारीक चुणचुण, आंबटपणा आणि हा वास मिळून केफिरची चव होते.

करण्याची कृती सोपी आहे, पण दह्याच्या सवयीतली एक गोष्ट सोडावी लागते. दूध कोमट असताना दाणे घालू नयेत; ते पूर्ण निवलेले असावे. केफिरच्या वस्तीला २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. अर्धा लिटर दुधाला एक मोठा चमचा, म्हणजे १५ ते २० ग्रॅम दाणे पुरतात. गाईचे किंवा म्हशीचे, दोन्ही दूध चालते; म्हशीच्या दुधाचे केफिर अधिक दाट होते. कच्चे दूध वापरू नये, कारण ब्रुसेलोसिससारख्या रोगांचे जंतू त्यात असू शकतात. दूध तापवून घेतले असेल तर साय काढून टाकावी, नाहीतर ती दाण्यांना चिकटते आणि गाळताना दाणा कुठला आणि सायीचा गोळा कुठला हे कळत नाही. काचेची बरणी तीन चतुर्थांशच भरावी आणि तोंडाला स्वच्छ फडके बांधावे. या वासावर चिलटे फार येतात, म्हणून फडके विरळ नसावे. घट्ट झाकण लावले तर वायूचा दाब वाढून बरणी फुटण्याचा धोका असतो.

केफिर झाले हे घड्याळावरून ठरवू नये, बरणीच्या काचेवरून ठरवावे. आधी दूध बरणी कलती केली की एकसंध सरकते. मग काचेला लागून, बहुधा दाण्यांच्या थराखाली, निवळीचे लहान लहान पारदर्शक खिसे दिसू लागतात. हे खिसे दोन-चार दिसले की गाळण्याची वेळ झाली. आणखी ठेवले तर सरळ चोथापाणी होते. ते पिण्यास अपायकारक नसते, पण आंबट-जहाल लागते आणि दाणे शोधताना त्रास होतो. गाळणीत ओतून लाकडी चमच्याने हलके हलवावे, दाणे वर राहतात, ते लगेच नव्या दुधात घालावेत.

पाककृतींत २४ तास असे लिहिलेले असते ते थंड हवेच्या देशांतल्या स्वयंपाकघराला धरून, आणि आपल्याकडे बहुतेकांचे केफिर इथेच बिघडते. पुण्यातल्या हिवाळ्यात तो हिशेब बरोबर लागतो. एप्रिल-मे महिन्यांत घरातच ३२-३५ अंश असते तेव्हा दहा-बारा तासांतच निवळी सुटते, आणि रात्री लावलेले केफिर सकाळी उशिरापर्यंत तसेच राहिले तर हाती चोथापाणी येते. अशा वेळी दाणे निम्मे करावेत, कारण दाणे कमी म्हणजे काम करणारे कमी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओले फडके गुंडाळले तर बाष्पीभवनाने ती काही अंश गार राहते. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवेतच इतकी आर्द्रता असते की पाणी फारसे उडत नाही आणि हा उपाय तितका लागू पडत नाही. तिथे काही तास बाहेर आणि उरलेला वेळ फ्रिजमध्ये, अशी विभागणी बरी पडते. उष्णता दीर्घकाळ राहिली तर यीस्ट आणि जिवाणू यांचे प्रमाण ढळू शकते. यीस्ट वरचढ झाले की केफिरला बिअरसारखा वास येतो आणि फेस वाढतो. तेव्हा दूध वाढवावे, वेळ कमी करावा, जागा थंड निवडावी. दाणे टाकून देण्याची घाई करू नये.

दाण्याला धातू चालत नाही, हा समज फार पसरलेला आहे. गाळताना स्टेनलेस स्टीलची गाळणी काही क्षण लागली तर काही बिघडत नाही. पण ॲल्युमिनियमच्या, तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात केफिर ठेवू नये. पितळेत ताक कळकते त्याच कारणाने तेही कळकते. दाणे प्रत्येक वेळी नळाखाली धुण्याचीही गरज नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या वस्तीला हितकारक नाही, आणि दाण्याभोवतीचा बुळबुळीत थर म्हणजे घाण नसून केफिरान आहे.

प्रकृतीला केफिर किती उपयोगी, याबद्दल मोजूनमापून बोलावे असे मला वाटते. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांना त्याचा फायदा होतो, याला आधार आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५ प्रौढांवर केलेल्या एका अभ्यासात केफिर घेतल्यावर त्यांचे लॅक्टोजचे पचन दुधाच्या तुलनेत सुधारलेले दिसले. साखरेचा काही भाग आधीच आंबलेला असतो आणि जिवाणूंची विकरे (एन्झाइम) उरलेल्या भागाला हात लावतात, हे त्यामागचे कारण. पण कोलेस्टेरॉलपासून कर्करोगापर्यंतचे जे दावे फिरतात त्यांतील बरेचसे प्रयोगशाळेतील पेशींवर किंवा उंदरांवर झालेल्या कामावर उभे आहेत, आणि त्यांच्या भरवशावर कुणीही औषध बंद करू नये. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी केफिर घेऊ नये, कारण प्रथिने त्यात तशीच असतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. घरच्या एका दिवसाच्या केफिरमध्ये अल्कोहोल थोडेच असते, पण बंद बाटलीत अधिक दिवस ठेवल्यास ते एक-दोन टक्क्यांपर्यंत चढू शकते. जे अल्कोहोल कटाक्षाने टाळतात त्यांना पेला पुढे करताना हे आधी सांगावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अर्ध्या वाटीवर थांबावे. पोटाला सवय नसताना एकदम पेलाभर घेतले तर वात धरतो.

दाण्यांवर केसाळ बुरशी आली किंवा गुलाबी-नारिंगी छटा दिसली तर धुऊन-पुसून पाहू नये, सगळे टाकावे. एरवी दाणे चिवट असतात. गावाला जायचे असेल तर ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवलेले दाणे आठ-दहा दिवस सहज टिकतात. नीट सांभाळले तर ते वाढत राहतात आणि काही आठवड्यांत दुसऱ्या कुणाला देण्याइतके होतात. देताना कोणते दूध वापरले आणि किती दुधाला किती दाणे घातले हेही सांगावे, कारण दूध आणि तापमान बदलले की पहिली दोन-तीन केफिर पातळ किंवा उग्र वासाची होतात. ती चव बिघडलेल्या दाण्यांची नसते, नव्या दुधाशी जुळवून घेणाऱ्या वस्तीची असते. घेणाऱ्याला हे आधी माहीत असले तर तो चौथ्या दिवशीही दाणे पुन्हा दुधात घालतो.