दुर्मीळ सचित्र बालपुस्तकांचा संग्रह

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत निघालेली मुलांची सचित्र पुस्तके शोधून, तपासून जपून ठेवण्याचा छंद. संग्राहकांची सर्वाधिक झुंबड असते ती लंडनच्या प्रकाशकांनी नाताळच्या भेटीसाठी काढलेल्या देखण्या पुस्तकांवर. आर्थर रॅकम, एडमंड ड्यूलॅक आणि के नील्सन हे त्यांतले नावाजलेले चित्रकार.

या पुस्तकांचे सौंदर्य आणि दुखणी दोन्ही छपाईच्या तंत्रातून येतात. तीनरंगी हाफटोन ब्लॉकचे (चित्र बारीक ठिपक्यांत फोडून छापणारे ठसे) बारीक ठिपके खरखरीत कागदावर नीट उमटत नाहीत. त्याला चिकणमातीचा लेप दिलेला आर्ट पेपर लागतो. मजकूर मात्र जाड, मऊ कागदावर छापत. म्हणून चित्रे वेगळी छापून, फक्त वरच्या कडेला खळ लावून, गडद रंगाच्या जाड कागदावर डकवत. वर झिरझिरीत पातळ कागद, बहुधा त्यावरच चित्राची ओळ.

अशी डकवलेली चित्रे सहज निघतात. कोणी फ्रेम करायला काढतो, काही आपणच सुटून हरवतात. त्यामुळे पुस्तक हाती आल्यावर आधी चित्रे मोजायची, बांधणीचे कौतुक नंतर. रॅकमच्या ‘रिप व्हॅन विंकल’मध्ये (१९०५) ५१ रंगीत चित्रे हवीत. ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’मध्ये (१९०६) ५०: एक आरंभी आणि उरलेली ४९ मजकूर संपल्यावर. नील्सनच्या ‘ईस्ट ऑफ द सन अँड वेस्ट ऑफ द मून’मध्ये (१९१४) २५. चित्र गेले असेल तर गडद कागदावर खळीची रेघ आणि वेगळ्या छटेचा चौकोन दिसतो. दुसऱ्या प्रतीतले किंवा आधुनिक पुनर्मुद्रणातले चित्र त्या जागी लावलेले असण्याचीही शक्यता असते. तेव्हा अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारावा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो जुना नव्हे. कागदात चमक आणणारी रसायने सर्रास वापरली जाऊ लागली ती १९५०च्या सुमारास. न चमकणारा कागद मात्र अस्सल ठरतोच असे नाही.

मर्यादित आवृत्त्यांचा बाज वेगळा. १९०६च्या ‘पीटर पॅन’च्या ५०० क्रमांकित प्रतींवर रॅकमची सही आहे आणि बांधणी चर्मपत्राची, बांधायला रेशमी फिती. या फिती बहुतेक प्रतींत तुटलेल्या असतात. चर्मपत्र दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि पुठ्ठे वाकतात.

छोट्या पुस्तकांत बारकावे आणखी. बिअॅट्रिक्स पॉटरने ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ डिसेंबर १९०१मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापून काढले. त्यांचा कणा सपाट आहे. फेब्रुवारी १९०२च्या आणखी २०० प्रतींचा गोलसर. ऑक्टोबर १९०२च्या फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकाच्या पहिल्या छपाईत पान ५१वर ससा रडतो त्या वाक्यात ‘वेप्ट’ हा शब्द आहे, नंतर तिथे ‘शेड’ आला. मुलांनी हाताळून झिजवलेली ही पुस्तके. स्वच्छ प्रत म्हणूनच महाग पडते. पोस्तीन (पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागद) बदललेली, नव्याने बांधलेली प्रत त्यामानाने बरीच स्वस्त मिळते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आर्ट पेपर हा सगळ्यांत नाजूक. ओल लागली की लेप चिकट होतो आणि समोरासमोरची पाने एकमेकांना धरतात. वाळल्यावर ती ओढली तर चित्राची शाईच सोलून येते. याला पुढे उपाय नाही. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवावी, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, भारी पुस्तके आडवी ठेवावीत. कसर खळीवर आणि कापडावरच्या कांजीवर येते, म्हणून कण्याच्या खाचा महिन्यातून एकदा पाहाव्यात. सुटलेल्या चित्राला सेलोटेप लावू नये: त्याचा डिंक कागदात मुरतो आणि पिवळा डाग जात नाही. चित्र आम्लरहित पाकिटात घालून पुस्तकाबरोबर ठेवावे. डकवायचेच तर गव्हाच्या खळीने, जाणकाराकडून.

भारतात बंगालचा वाटा मोठा. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी हाफटोनवर स्वतः संशोधन केले आणि १९१३मध्ये ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ हा गमतीदार कवितांचा संग्रह १९२३मध्ये, सुकुमार यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी बाहेर पडला. मराठीत वा. गो. आपटे यांच्या ‘आनंद’ या बालमासिकाचे (१९०६पासून) जुने अंक शोधले जातात. मासिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना बाइंडर बऱ्याचदा मुखपृष्ठे आणि जाहिरातीची पाने काढून टाकत, त्यामुळे देखण्या बांधीव खंडापेक्षा मुखपृष्ठासह मिळालेला सुटा, फाटका अंकसुद्धा जास्त मोलाचा ठरू शकतो.