बँकेतला गुंतवणूक तज्ज्ञ वितरक असतो, सल्लागार वेगळा

मोठी एफडी मोडली किंवा निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली की बँकेतून फोन येतो, ‘आमचे इन्व्हेस्टमेंट स्पेशालिस्ट तुम्हाला भेटतील.’ भेट होते, चहा होतो, जोखमीबद्दल आठ-दहा प्रश्न विचारले जातात आणि चार फंडांचा रंगीत तक्ता पुढे सरकवला जातो. घरी आल्यावर माणूस सांगतो, ‘बँकेच्या सल्लागाराला भेटून आलो, फुकट सांगतात सगळं.’ हे वाक्य चुकीचं आहे, आणि दोनदा चुकीचं आहे. समोर बसलेला माणूस सल्लागार नाही. तो जे सांगतो ते फुकटही नाही.

बँकेतल्या माणसाबद्दल फार लिहायला नको, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रिलेशनशिप मॅनेजर ग्राहक आणतो आणि प्रॉडक्ट स्पेशालिस्ट माल समजावतो: म्युच्युअल फंड, पीएमएस (मोठ्या रकमेची स्वतंत्रपणे सांभाळलेली गुंतवणूक), बाँड, विमा. बँकेचा करार असलेल्या फंड घराण्यांच्याच योजना तो सुचवू शकतो, त्यातही मुख्यालयाकडून आलेली यादी असते. विम्यात बँक कॉर्पोरेट एजंट असते, म्हणून तिथेही करारातल्याच कंपन्या. फंड विकायला त्याला एनआयएसएम या रोखे बाजाराच्या प्रशिक्षण संस्थेची व्ही-ए परीक्षा लागते. 100 प्रश्न, दोन तास, 50 टक्क्यांना पास, उणे गुण नाहीत. मग बँकेच्या एआरएनखाली (वितरकाचा नोंदणी क्रमांक) त्याला स्वतःचा ईयूआयएन (विक्री करणाऱ्या माणसाचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे ‘ई’ आणि पुढे सहा आकडे. नियमांच्या भाषेत हा वितरक.

सल्लागार म्हणजे सेबी या बाजार नियामकाच्या 2013 च्या गुंतवणूक सल्लागार नियमांखाली नोंदलेली व्यक्ती किंवा संस्था. नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनए’ अशी. परीक्षा दोन, एक्स-ए आणि एक्स-बी, दोन्हींत 60 टक्के हवेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. सल्ल्याआधी लेखी करार करावा लागतो आणि कोणता सल्ला का दिला याची नोंद जपून ठेवावी लागते. (क्रमांक ‘आयएनएच’ असेल तर तो रिसर्च अॅनालिस्ट. तो शेअर सुचवतो, तुमचं कर्ज आणि विमा बघत नाही. त्याचा इथे संबंध नाही.)

परीक्षा आणि पदव्या यांतला फरक दुय्यम आहे. लोक अडखळतात ते दुसरीकडेच: सल्लागार फी घेतो आणि बँक काही घेत नाही, अशी समजूत. बँकही घेते. फक्त तुमच्या खात्यातून पैसे गेलेले दिसत नाहीत.

1 ऑगस्ट 2009 पूर्वी ही कपात दिसायची. इक्विटी फंडात एक लाख भरले की साधारण 2.25 टक्के एंट्री लोड जायचा आणि 97,750 रुपयेच गुंतवले जायचे. सेबीने तो बंद केला. पुढे ऑक्टोबर 2018 मध्ये वितरकाला सुरुवातीलाच मिळणारं अपफ्रंट कमिशनही थांबवलं आणि ‘ट्रेल’ हा मुख्य मार्ग उरला. ट्रेल म्हणजे तुमची गुंतवणूक त्या फंडात असेपर्यंत फंड घराणं वितरकाला देत राहतं ते कमिशन. फंडाचा वार्षिक खर्च रोज थोडा थोडा वजा होतो आणि उरलेल्या मालमत्तेवरून एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, निघते. वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनच्या खर्चात वितरकाचं कमिशन मिसळलेलं असतं. वितरकाशिवाय थेट घ्यायचे डायरेक्ट प्लॅन 1 जानेवारी 2013 पासून मिळतात. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअर तेच, कमिशन तेवढं नाही. म्हणून त्याची एनएव्ही वेगळी आणि वाढ थोडी जास्त.

दहा लाखांवर एक टक्का फरक धरा. वर्षाला 10,000, म्हणजे दिवसाला साधारण 27 रुपये. पासबुकात नोंद नाही, एसएमएस नाही, बिल नाही. वीस वर्षं 12 टक्के मिळाले तर दहा लाखांचे सुमारे 96.5 लाख होतात आणि 11 टक्के मिळाले तर 80.6 लाख. मधले जवळपास 16 लाख कुठे गेले हे विचारायला कोणी बँकेत जात नाही, कारण ते कधी कापलेच गेले नाहीत असं वाटतं.

पुरावा हवा तर घरातच आहे. सीएएस, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्रित विवरण, ईमेलवर येतं आणि बहुतेक लोक फक्त पहिल्या पानावरची एकूण रक्कम बघून ते बंद करतात. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेरच्या सहामाही विवरणात प्रत्येक योजनेसमोर तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला किती कमिशन दिलं ते रुपयांत छापलेलं असतं. ती रक्कम दुप्पट केली की वर्षाची ‘फुकट’ सल्ल्याची किंमत ढोबळमानाने कळते.

पैसा कुठून येतो यावरून कोणता सल्ला मिळणारच नाही हेही ठरतं. ‘साडेआठ टक्क्यांचं गृहकर्ज आधी फेडा’, ‘आहे ते तसंच राहू द्या’, ‘डायरेक्ट प्लॅन घ्या’ या वाक्यांवर वितरकाला दमडी मिळत नाही, आणि त्याचं महिन्याचं टार्गेट विक्रीवर मोजलं जातं. टेबलापलीकडचा मुलगा प्रामाणिक असेलही. तो प्रामाणिकपणेही त्याच्याकडच्या यादीतूनच निवडणार. वितरकाने फंडाबद्दल विक्रीच्या ओघात सांगणं नियमांत बसतं. मात्र 2020 च्या दुरुस्तीनंतर सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी नसताना ‘वेल्थ अॅडव्हायझर’ किंवा ‘इंडिपेंडंट फायनान्शियल अॅडव्हायझर’ असं बिरुद लावायला मनाई आहे. तरी ओळखपत्रावर असं काही दिसलं तर शांतपणे आयएनए क्रमांक विचारा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. एखाद्या बँकेचा नोंदणीकृत सल्ला विभागही असू शकतो, पण एकाच ग्राहकाला सल्ल्याची फी आणि विक्रीचं कमिशन, दोन्ही लावता येत नाहीत.

आता फॉर्म. वरच्या पट्टीत तीन चौकटी असतात: एआरएन, सब-ब्रोकर कोड, ईयूआयएन. एआरएन भरला आणि योजनेच्या नावात ‘डायरेक्ट’ नसेल तर प्लॅन रेग्युलर. एआरएनची चौकट रिकामी असेल तर डायरेक्ट. नावात ‘डायरेक्ट’ लिहिलं असेल तर एआरएन भरूनही डायरेक्टच. सगळ्यात जास्त चीड येते ती ईयूआयएनची चौकट रिकामी ठेवून घेतलेल्या सहीची. त्या चौकटीखाली बारीक अक्षरांत एक निवेदन असतं: हा व्यवहार ‘एक्झिक्युशन ओन्ली’ आहे, कर्मचाऱ्याने कोणताही सल्ला दिलेला नाही किंवा त्याचा सल्ला डावलून मी हे करतो आहे. तासभर फंड समजावून शेवटी ‘इथे आणि इथे सही’ म्हणत हे निवेदन पुढे केलं जातं. उद्या चुकीची योजना गळ्यात मारल्याची तक्रार केलीत तर हीच सही तुमच्या विरोधात उभी राहते. नोकरी बदलली तरी विक्री करणारा माणूस सापडावा म्हणूनच तर ईयूआयएन आहे. कोणी सुचवलं असेल तर त्याचा ईयूआयएन लिहून घ्या, नाहीतर सही करू नका.

मग कोण बरा? तीन लाखांची गुंतवणूक आणि दोन हजारांची एसआयपी असेल तर वितरकच ठीक. एक टक्क्याने वर्षाचे 3,000 रुपये होतात. तेवढ्यात केवायसी, नॉमिनी, बँक बदल ही धावपळ कोणी करत असेल तर सौदा वाईट नाही, आणि एवढ्या फीत चांगला सल्लागार मिळणारही नाही. पन्नास लाखांवर हाच एक टक्का 50,000 होतो. तिथे सल्लागाराकडेच जावं, तेही ठराविक फी घेणाऱ्याकडे. सेबीने ठराविक फीला कुटुंबामागे वर्षाला 1,51,000 ची मर्यादा घातली आहे. टक्केवारीने फी घेणाऱ्याला वर्षाला मालमत्तेच्या 2.5 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तसा दर मान्य करायचा असेल तर रेग्युलर प्लॅन सोडून काय मिळवलं?

शेवटचा गोंधळ रेग्युलरमधून बाहेर पडण्याचा. ‘बँक बदलली, आता कमिशन बंद’ असं होत नाही. वितरक बदलण्याचा अर्ज दिला तरी प्लॅन रेग्युलरच राहतो आणि कमिशन त्याच्या खर्चात धरलेलंच असतं. डायरेक्टमध्ये जायला ‘स्विच’ करावं लागतं आणि कर खात्याच्या लेखी ती विक्री असते. इक्विटी फंडात वर्षाच्या आत केलं तर नफ्यावर 20 टक्के कर, शिवाय बऱ्याच योजनांत एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याची कपात. वर्ष उलटल्यावर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, वरच्या भागावर 12.5 टक्के. ईएलएसएस या करबचतीच्या फंडाचा प्रत्येक हप्ता तीन वर्षं हलत नाही. म्हणून आधी चालू एसआयपी थांबवून नवी डायरेक्टमध्ये सुरू करा. जुनी युनिट दरवर्षी मार्चपूर्वी सव्वा लाखाच्या नफ्यापुरती हलवत जा. त्या वर्षी वर्षाहून जुने शेअर किंवा दुसरे इक्विटी फंड विकले असतील तर तो नफा याच मर्यादेत धरला जातो.